लाल पेन कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

1942 सालचा डिसेंबर महिना. नाझींच्या ताब्यातल्या चेक भूमीवर तेरेझिन नावाचं गाव आणि तिथं डांबून ठेवलेली ज्यू कुटुंबं. एका जुन्या शाळेच्या इमारतीत दाटीवाटीनं राहणाऱ्या 13 ते 15 वर्षांच्या मुलांनी एक साप्ताहिक काढायला घेतलं. नाव ठेवलं ‘वेदेम’, म्हणजे ‘आम्ही आघाडीवर’. संपादक होता पेत्र गिंझ, वय 14. छपाईचं साधन नव्हतं, त्यामुळे प्रत्येक अंकाची प्रत एकच. सुरुवातीला टाइपरायटर होता. त्याची फीत संपली तेव्हा मुलं हातानं लिहू लागली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळी एकत्र बसत आणि ज्यानं जे लिहिलं असेल ते तो वाचून दाखवी.

त्या अंकांत कविता आहेत, चित्रं आहेत, थट्टामस्करीही आहे. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पेत्रचं ‘तेरेझिनमधली भटकंती’ हे सदर. तो बेकरीत गेला, अग्निशमन दलाकडे गेला, प्रसूतिगृहात गेला, आणि जिथं प्रेतं जाळली जात तिथंही गेला. काम कसं चालतं ते बघितलं आणि लिहून काढलं. कविता मनातून येते हो, पण यासाठी उठून जावं लागतं, विचारावं लागतं. यालाच तर बातमीदारी म्हणतात. 1944 मध्ये पेत्रला आउश्वित्झच्या छळछावणीत नेऊन मारण्यात आलं, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. तेरेझिनमध्ये मागं राहिलेल्या एका मुलानं सुमारे 800 पानं लपवून ठेवली, म्हणून आज मी तुम्हाला हे सांगू शकते.

किशोरवयीन मुलांच्या वृत्तपत्रांविषयी बोलताना मी मुद्दाम इथून सुरुवात केली. त्या खोलीत काय लिहायचं हे मुलंच ठरवत होती. आज आपण मुलांना मायक्रोफोन देतो, कॅमेरा देतो, कार्यशाळा घेतो, ओळखपत्रं गळ्यात अडकवतो. फक्त लाल पेन तेवढं आपल्याकडे ठेवतो. आणि मग मुलांच्या वार्तापत्रात स्नेहसंमेलनाचा वृत्तांत आणि पाहुण्यांचं स्वागत याशिवाय काही येत नाही, अशी तक्रारही आपणच करतो.

या लाल पेनावरून अमेरिकेत एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिसुरी राज्यात हेझलवूड ईस्ट नावाचं हायस्कूल आहे. तिथले विद्यार्थी पत्रकारितेच्या वर्गात ‘स्पेक्ट्रम’ नावाचं वृत्तपत्र काढत. मे 1983 चा अंक हातात आला आणि मुलांना दिसलं की दोन पानं गायब आहेत. त्या पानांवर शाळेतल्या गरोदर मुलींविषयी एक लेख होता आणि आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो, याविषयी दुसरा. मुख्याध्यापकांनी ती पानं परस्पर काढून टाकली होती.

त्यांचं म्हणणं मला अगदीच उडवून लावावंसं वाटत नाही. नावं बदलली असली तरी मुली ओळखू येतील, आणि ज्या वडिलांवर लेखात टीका आहे त्यांना आपली बाजू मांडायची संधी मिळालेली नाही, अशा त्यांच्या हरकती होत्या. कोणत्याही चांगल्या वृत्तसंपादकानं याच हरकती घेतल्या असत्या. पण तो बातमीदाराला समोर बसवून म्हणाला असता, ‘वडिलांशी बोल, दोन तपशील गाळ, मग पुन्हा आण.’ इथं मुलांना विचारलंच नाही. शिकवण्याची एक उत्तम संधी होती, तिथं कात्री चालली. तीन विद्यार्थी न्यायालयात गेले. जानेवारी 1988 मध्ये निकाल लागला: पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं. शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या वृत्तपत्रावर शैक्षणिक कारणासाठी शाळा नियंत्रण ठेवू शकते, असं न्यायालयानं म्हटलं. तोवर त्या विद्यार्थ्यांचं शालेय शिक्षण केव्हाच संपलं होतं.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ‘एल. ए. यूथ’ हे किशोरांचं वृत्तपत्र शाळेच्या बाहेर उभं राहिलं. पैशांअभावी 2013 मध्ये ते बंद पडलं, पण 25 वर्षं चाललं. शाळा छापत नसेल तर बाहेर छापू, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग कायद्याचा. मिसुरीला लागूनच कॅन्सस राज्य आहे. तिथल्या विधिमंडळानं 1992 मध्ये कायदा करून विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण दिलं. त्याचं फळ दिसायला 25 वर्षं जावी लागली.

2017 च्या मार्चमध्ये कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलला नव्या मुख्याध्यापिका मिळाल्या. शाळेच्या वृत्तपत्रातली मुलं त्यांची ओळख करून देणारा साधा लेख लिहायला बसली. पदव्या कुठल्या, हे नीट लिहावं म्हणून त्यांनी विद्यापीठाचं नाव शोधलं, तर त्या विद्यापीठाची वेबसाइटच धड चालेना. मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतही नाव सापडेना. मुलांनी खुद्द मुख्याध्यापिकांना प्रश्न विचारले आणि उत्तरं ताडून पाहिली. त्यांच्या मार्गदर्शक शिक्षिका निवड समितीवर होत्या, म्हणून त्या या बातमीपासून स्वतःहून बाजूला झाल्या आणि राज्यातल्या शालेय पत्रकारिता संघटनेतल्या जाणकाराची मदत मुलांना मिळवून दिली. बातमी छापून आली आणि काही दिवसांतच नव्या मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला.

जगभर कौतुक झालं ते राजीनाम्याचं. मला मात्र बाजूला झालेल्या त्या शिक्षिका जास्त आठवतात. आपला हितसंबंध आहे, म्हणून लाल पेन खाली ठेवायचं, आणि तरी मुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही. मुलांची वृत्तपत्रं चालवणाऱ्या मोठ्या माणसांचं काम नेमकं इतकं अवघड आहे.

कारण मुलांच्या हाती सगळं सोपवायचं याचा अर्थ त्यांना एकटं सोडायचं, असा नाही. 15 वर्षांच्या बातमीदाराला कुणीतरी विचारलंच पाहिजे: हे तुला कोणी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? दुजोरा कोणाचा? ज्याच्याविषयी लिहितोस त्याला फोन केलास का? हे प्रश्न आठवडाभर ऐकले की मुलं तेच प्रश्न मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मजकुराला विचारू लागतात. आणखी एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, विशेषतः मूल स्वतःच्या घराविषयी, आजारपणाविषयी लिहितं तेव्हा: हे दहा वर्षांनी तुझ्या नावावर सापडलं तर चालेल का? पूर्वी शाळेचा अंक रद्दीत जायचा. आता काहीच रद्दीत जात नाही. तरीही, सगळं ऐकून मूल ‘चालेल’ म्हणालं, तर ते छापण्याचं धाडस आपण दाखवायला हवं.

रेडिओ या कामी मला फार जवळचा वाटतो, आणि हे मी रेडिओवर बोलतेय म्हणून नव्हे. लिहिलेल्या मजकुरावरून मोठ्यांचा हात फिरला की मुलाची भाषा नाहीशी होते, कळतसुद्धा नाही. आवाजाचं तसं करता येत नाही. कॅलिफोर्नियात 1992 पासून ‘यूथ रेडिओ’ नावाच्या संस्थेनं मुलांकडून वृत्तकथा करून घेतल्या; पुढं तिचं नाव ‘वायआर मीडिया’ झालं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक नभोवाणीनं 1999 मध्ये ‘रेडिओ रूकीज’ सुरू केलं. तिथं मुलं ध्वनिमुद्रक घेऊन आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत प्रश्न विचारत फिरली. मूल अडखळतं, श्वास घेतं, पुन्हा विचारतं, आणि ऐकणाऱ्याला ते सारं ऐकू येतं.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं काय? याचं उत्तर दिल्लीतल्या मुलांनी शोधलं. रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांची ‘बढ़ते कदम’ नावाची संघटना आहे. तिनं 2003 मध्ये ‘बालकनामा’ हे हिंदी वृत्तपत्र सुरू केलं. त्यात ‘बातूनी रिपोर्टर’ असतात, म्हणजे बोलके बातमीदार. अक्षरओळख नसलेलं मूल आपल्या वस्तीत काय घडलं ते तोंडी सांगतं आणि लिहिता येणारं दुसरं मूल ते उतरवून घेतं. पत्रकार व्हायला आधी शाळा शिकावी लागते, असं आपण धरून चाललो होतो. या मुलांनी ती अट शांतपणे बाजूला ठेवली.

बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं तेरावं कलम तर हेच सांगतं. मुलांना मत मांडायचा हक्क आहे, हे आपण ऐकून असतो. पण त्या कलमात माहिती शोधण्याचा, मिळवण्याचा आणि इतरांपर्यंत पोहोचवण्याचाही हक्क आहे. मत विचारून घेणं सोपं असतं. माहिती शोधायला निघालेलं मूल मात्र आपल्याही दारात येऊन उभं राहतं.

शेवटी एकाच कामाविषयी सांगते. 14 फेब्रुवारी 2018 रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडमध्ये एका शाळेत गोळीबार झाला आणि 17 जण मारले गेले. त्यानंतरच्या वर्षभरात अमेरिकेत, आत्महत्या वगळता, बंदुकीनं मारल्या गेलेल्या मुलामुलींची संख्या साधारण 1200 होती. पार्कलंडची बातमी जगानं पाहिली, पण यातल्या अनेकांच्या वाट्याला वर्तमानपत्रात एखाददुसरी ओळ आली, तीही पोलिसांच्या टिपणासारखी. ‘द ट्रेस’ या वृत्तसंस्थेच्या पुढाकारानं 200 हून अधिक किशोरवयीन बातमीदार कामाला लागले आणि त्यांनी त्या प्रत्येकावर एक छोटा लेख लिहिला. गोळी कशी लागली यापेक्षा मूल कसं होतं, यावर त्यांनी भर दिला. कोण काय खेळायचं, कोणाला काय व्हायचं होतं, घरी त्याला कोणत्या नावानं हाक मारत. बाराशे मुलं, आणि त्यांच्याविषयी विचारपूस करणारी त्यांच्याच वयाची मुलं.

नमस्कार.