दिवस मावळल्यावर मीडियम वेव्ह

[दृश्य : कोकण किनारा, दुपार. घराच्या ओट्यावर सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर.]

भर दुपारी रेडिओ मीडियम वेव्हवर लावा आणि सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जवळचं आकाशवाणी केंद्र खणखणीत लागेल. समुद्रावरून येणारी मुंबई बारीक आवाजात सापडेल. बाकी सगळी खरखर. आता जागा तीच, रेडिओ तोच. फक्त दिवस मावळू द्या.

[आवाज : खरखर, तिच्यातून हळूहळू वर येणारं बंगाली निवेदन.]

काळोख पडला की आधी पूर्व जागी होते. 657 किलोहर्ट्झवर कोलकाता. 594 वर पश्चिम बंगालमधलं चिनसुरा, ज्याचा प्रक्षेपक बांगलादेशासाठी उभारला आहे. दक्षिणेकडून 882 वर श्रीलंकेतलं पुत्तलम. जेवणं आटोपेपर्यंत समुद्रापलीकडून अरबी आणि फारसी यायला लागतात. हा क्रम सूर्यानं ठरवलेला आहे. पूर्वेला तो आधी मावळतो, म्हणून पूर्व आधी. पहाटे बंगालमध्ये उजाडलं की तिकडची केंद्रं विरतात, आणि आखाताकडची मात्र आपल्याकडे तांबडं फुटेपर्यंत टिकतात.

असं का होतं? जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर वातावरणाचा एक थर आहे, त्याला ‘डी’ थर म्हणतात. दिवसा उन्हामुळे त्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात. पण तिथली हवा अजून पुरेशी दाट असते. लहर आली की ते इलेक्ट्रॉन हलतात, हवेच्या कणांवर आदळतात आणि लहरीची शक्ती तिथंच जिरते. सूर्य गेला की हा थर झपाट्यानं विरतो. मग तीच लहर आणखी वर, शंभर किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या थरांपर्यंत पोचते आणि तिथून वळून पुन्हा जमिनीवर येते. एका उडीत हजार-दीड हजार किलोमीटर सहज पार होतात. खाली खारं पाणी असेल तर ती फारशी न थकता पुन्हा उडी घेते. पश्चिमेला उघडा समुद्र असलेल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला हे दान आयतंच मिळालं आहे.

दूरची केंद्रं अशी शोधून ऐकण्याच्या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. त्याला महागडं यंत्र लागत नाही. लागतात ते कान आणि मनगट.

[दृश्य : दोन हात सावकाश ट्रान्झिस्टर फिरवत आहेत.]

मनगट कशाला, ते पाहा. ट्रान्झिस्टरच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची दांडी असते. तोच मीडियम वेव्हचा अँटेना. वर ओढायच्या लांब काडीचा इथं काही उपयोग नाही. दांडीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेचं स्टेशन बुजतं. 585 किलोहर्ट्झ घ्या. इथं आकाशवाणी नागपूर, आणि याच जागेवर इस्लामाबादही वर्षानुवर्षं ऐकू येत असे. रत्नागिरीहून नागपूर ईशान्येला, इस्लामाबाद जवळपास थेट उत्तरेला. रेडिओ टेबलावर आडवा फिरवत दांडीचं टोक नागपूरकडे आणलं की मराठी दबायची आणि तिच्याखालून उर्दू वर यायची. आणखी थोडं फिरवलं की उलट. बोटभर हालचालीत देश बदलायचा!

एक गंमत सांगायलाच हवी. भारतात मीडियम वेव्हची केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत. 1978 च्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या जिनिव्हा करारातली ही मांडणी. 531 पासून 1602 पर्यंत प्रत्येक आकडा नऊच्या पाढ्यातला. मुंबईचे 558 आणि 1044 सुद्धा. अमेरिका खंडात हेच अंतर 10 आहे.

अमेरिकेत 1920 च्या दशकात या छंदानं अक्षरशः वेड लावलं होतं. शिकागोची केंद्रं दर सोमवारी रात्री आपलं प्रसारण बंद ठेवत, गावातल्या लोकांना दूरची स्टेशनं ऐकता यावीत म्हणून. श्रोत्यांच्या हौसेचा इतका मान नंतर कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आता अडथळे आपल्याच घरात आहेत. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची गुणगुण मीडियम वेव्हवर उतरते. म्हणून भारनियमनाची रात्र डीएक्सरला पर्वणी. वीज गेली की खरखर एकदम खाली बसते आणि तिच्याखाली दडलेली केंद्रं वर येतात. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट कानात बसतो. खरा हंगाम थंडीचा, मोठ्या रात्रींचा.

[दृश्य : वही, घड्याळ, क्यूएसएल कार्डांचा गठ्ठा.]

आवाज एकसारखा राहत नाही. फुगतो, बुडतो, नेमका नावाच्या वेळी गायब होतो. बहुतेक केंद्रं तास पूर्ण होताना आपली ओळख सांगतात, त्यामुळे आठला, नऊला, दहाला श्वास रोखून बसायचं. ओळख मिळाली की तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील लिहून केंद्राला पाठवायचा. तपशील जुळला तर काही केंद्रं दुजोऱ्याचं कार्ड पाठवतात. तेच क्यूएसएल कार्ड.

ही केंद्रं कमी होत चालली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकनं 2015 च्या अखेरीस मीडियम वेव्ह सोडली. आपल्या नागपूरचं 1566 तर एक हजार किलोवॅटचं. 18 मे 1988 ला सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर त्यावरून चाले, आणि ती थेट युरोपातल्या डीएक्सरच्या वहीत नोंदली जाई. 2018 च्या डिसेंबरात ती वाहिनी बंद करण्याचा आदेश निघाला.

मोठा आवाज थांबला की मात्र मागचा लहान आवाज मोकळा होतो. त्याच 1566 वर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं 250 किलोवॅटचं केंद्र आहे. थंडीत, काळोख पडल्यावर, दांडीची लांब बाजू पूर्वेकडे येईल असा रेडिओ ठेवा. कोरियन, जपानी किंवा चिनी कानावर आलं, तर तास पूर्ण होईपर्यंत सुईला हात लावू नका.