एक संगणक, दोन वाय-फाय

[दृश्य: रात्र. टेबलाखाली संगणकाचा डबा, त्याच्या मागच्या अंगाला लुकलुकणारा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वाय-फाय यंत्र.]

कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह भरलेलं दिसतंय. पान मात्र उघडत नाही. मग उघडतं. मग पुन्हा नुसतं गोल फिरत बसतं.

या संगणकाच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, वाय-फाय कार्ड मुळातच आहे. ते धड चालेना, म्हणून यूएसबीचा डोंगल आणला. एकाचे दोन झाले, म्हणजे वेग दुप्पट, असा घरचा हिशोब. संगणकाचा हिशोब निराळा.

[दृश्य: कमांडची काळी खिडकी.]

'आयपीकॉन्फिग', म्हणजे पत्ते दाखवणारी आज्ञा. राउटरने कार्ड आणि डोंगल दोघांना वेगळे पत्ते दिलेत: एकाला १९२.१६८.१.७, दुसऱ्याला १९२.१६८.१.१२. बाहेर पडायचं दार एकच, १९२.१६८.१.१. आता 'रूट प्रिंट', म्हणजे बाहेर जायच्या वाटांची यादी. इथे प्रत्येक वाटेपुढे एक आकडा असतो, मेट्रिक. ज्याचा आकडा लहान, त्याच्याकडून नवी जोडणी जाते. विंडोज हा आकडा जोडणीचा वेग बघून स्वतःच ठरवतं. आतलं कार्ड ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर, कागदावर वेगवान, मान त्याला. डोंगल नुसता हजेरीला. कार्ड तुटलं की काम डोंगलकडे, कार्ड परतलं की पुन्हा कार्डाकडे. पान अडकत होतं ते या ये-जा करण्यात.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उडवायचा मोह इथे सगळ्यांना होतो, आणि त्यातच संध्याकाळ जाते. त्याआधी 'एनसीपीए डॉट सीपीएल', म्हणजे नेटवर्क जोडण्यांची खिडकी, उघडा, आतल्या कार्डावर राइट क्लिक करा, डिसेबल. बास.

पान झटकन आलं.

[दृश्य: बाहेरची हार्ड डिस्क जोडली जाते. बॅकअप सुरू.]

आणि नेट पुन्हा रांगायला लागलं! या वेळी बिनतारी माउससुद्धा अडखळतोय. हा माउस फार उपयोगी साक्षीदार आहे, कारण त्याचा राउटरशी काही संबंध नाही. संबंध आहे तो २.४ गिगाहर्ट्झशी. माउस तिथेच बोलतो, हा डोंगलही तिथेच. आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून डिस्कची माहिती धावताना जो विद्युत गोंगाट होतो, तोही त्याच पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ सालीच हे मोजून दाखवलंय. डोंगल नेमका डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये, म्हणजे डीजेच्या भिंतीला कान लावून फोनवर बोलण्यासारखं.

एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर. डोंगल टेबलावर, डिस्कपासून लांब. माउस सरळ चालू लागला.

राहिला प्रश्न त्या कार्डाचा. नवंकोरं कार्ड इतकं दुबळं कसं?

[दृश्य: डबा फिरवला जातो. मागे दोन सोनेरी आटे, उघडेबोडके.]

माळ्यावरून मदरबोर्डचं खोकं खाली आलं. तळाशी दोन अँटेना. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नाही.