करकर वाजणारी चप्पल आणि वरातीची घोडी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठ लागला की आमच्या चिकोडी भागातल्या माणसांचे कान अंकलीकडं लागतात. तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून माउलींचे अश्व आळंदीला निघतात. ट्रकात घालून नव्हे, चालत. एकावर स्वार असतो, हातात जरीपटका. दुसऱ्याची पाठ मोकळी. मोकळी आपली दिसायला. तिथं माउली बसलेले असतात. पुढं वारीच्या रिंगणात हे घोडे धावले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. आई होती तोवर मी दरवर्षी तिला घेऊन दर्शनाला जात होतो. ती खुरापर्यंत वाकायची आणि मी चार हात लांब उभा. "तुझी श्रद्धाच कमी," असं ती म्हणायची. श्रद्धा कमी नव्हती हो. मला माझ्या डाव्या पायाचा अंगठा आठवायचा.

त्या अंगठ्याची गोष्ट सांगणारच आहे. पण आधी विषय सांगून टाकतो, नाहीतर काचेपलीकडची मंडळी रागावतात. आजचा विषय, घोड्याजवळ काम करताना पायात काय असावं. वरातीची घोडी धरणारी पोरं, जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीत पळणारे, मळ्यात हौसेनं एखादं तट्टू बांधलेले शेतकरी, आणि सुट्टीत पोरांना रपेट शिकायला धाडणारे आईबाप, या सगळ्यांनी रेडिओचा आवाज जरा मोठा करा.

गंमत बघा. घोड्याच्या पायाची आपण किती काळजी घेतो! सहा-आठ आठवडे झाले की नालबंद येतो, जुना नाल उचकटतो, वाढलेलं खूर तासतो, नवा नाल ठोकतो. खिळा कणभर आत गेला तर मालकाचा जीव वरखाली. आणि त्याच घोड्याचा दोर धरलेल्या पोराच्या पायात काय? टाचेला भोक पडलेली स्लीपर. घोड्याला लोखंड, पोराला रबर!

तर आता गोष्ट. १९८८ सालचा उन्हाळा, निपाणीत मावसभावाचं लग्न. मी वीस वर्षांचा, कॉलेजात, केसांचा कोंबडा काढलेला. मामांनी मला खास अथणीहून चप्पल आणून दिली होती. जाड कातड्याची, वर वेणी, तळात विंचू बसवलेली. विंचू म्हणजे चप्पल वाजावी म्हणून तळाच्या थरांत घालतात ते, जुन्या माणसांना माहीत आहे. पाऊल टाकलं की करकर, करकर. माणूस यायच्या आधी त्याची चप्पल येते.

इथं थोडं थांबतो, कारण हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. या चपलेला सगळं जग कोल्हापुरी म्हणतं, पण टाका कितीदा तरी अथणीचा असतो, निपाणीचा असतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते दोन्ही राज्यांना मिळून. तिकडून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. इकडून आपलं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चार तिकडचे, चार इकडचे. जे माणसांना जमलं नाही ते चपलेनं केलं. असो.

वरात निघायची वेळ. नवरदेव मुंडावळ्या बांधून घोडीवर. पांढरी, उंच घोडी, कपाळावर आरशांचं तोरण. घोडीवाले चाचा साठीचे असतील. लुंगी, पांढरा शर्ट, आणि पायात लष्करी बूट! बेळगावच्या कॅम्पातून कुणाकडून तरी जुने घेतलेले, घोट्याच्या वर येणारे, नाडी आवळून बांधलेली. आम्ही पोरं त्यांना हसत होतो. लुंगीवर बूट, काय थाट!

चाचांनी एकदा माझ्या पायाकडं बघितलं. म्हणाले, "बाळ, ते वाजणारं चप्पल घालून हिच्याजवळ नको येऊ." मी कशाला ऐकतोय? करवल्या बघत होत्या ना. तेवढ्यात चाचांना कुणीतरी चहा दिला. बशीत ओतून घ्यायला दोन्ही हात लागतात. दोर धरायला माणूस हवा. मी पुढं. दोर घेतला आणि ऐटीत हाताला दोन वेढे दिले. श्रोतेहो, हे वेढे लक्षात ठेवा.

मी दोन पावलं टाकली. करकर. घोडीचा एक कान माझ्याकडं फिरला. आणखी दोन पावलं. करकर. दुसरा कान फिरला. मला वाटलं, घोडीसुद्धा चपलेवर खूश आहे. आणि त्याच क्षणी बँडवाल्यांनी पहिला ठोका दिला, कुणी दीडशहाण्यानं लवंगी फटाक्यांची माळ लावली. घोडी बुजली, एक पाऊल बाजूला सरली, आणि तिचा पुढचा पाय, नालेसकट, माझ्या डाव्या पायावर.

ती उधळली नाही, लाथ मारली नाही. नुसती उभी राहिली, माझ्या पायावर. मी ओरडलो, पण बँड चालू, कोण ऐकतो? लोकांना वाटलं पोरगं नाचायलंय. दोघातिघांनी माझ्यासमोर येऊन नाचायला सुरुवातही केली. मी पाय ओढतोय तर नालाच्या कडेखाली कातडं सोलतंय. मी दोर ओढतोय तर ती मान वर घेतेय, आणि वेढे दिलेला माझा हात तिच्या मानेबरोबर वर. पाय जमिनीत, हात आभाळात! नवरदेव वरून विचारतोय, "काय झालं रं?" मग लक्षात आलं सगळ्यांच्या, आणि सल्ले सुरू. एक काका म्हणाले शेपूट ओढा. दुसऱ्यांनी छत्रीची मूठ हाणली घोडीच्या छातीवर. तिनं आणखी जोर देऊन पाय रोवला. कुणावर? माझ्यावर.

चाचा आले, घाई न करता. बशी एका पाहुण्याच्या हातात दिली. आधी माझ्या हाताचे वेढे सोडवले. मग आपला खांदा घोडीच्या खांद्याला लावला आणि तिला पलीकडच्या बाजूला रेटलं. हळूच कानडीत म्हणाले, "हिंदक सरी, हिंदक सरी." म्हणजे मागं सर. घोडी गोकाककडची होती, तिला मराठीतली माझी बोंब कळणार कशी? तिचा भार दुसऱ्या पायावर गेला, हा पाय हलका झाला, चाचांनी तो उचलून बाजूला ठेवला. दोन सेकंदांचं काम.

चपलेचा अंगठा तुटला होता. माझाही. नख आठ दिवसांनी गळून पडलं. चाचांनी मला पायरीवर बसवलं आणि स्वतःचा बूट पुढं केला. टोकाला चांगला वाटीएवढा खड्डा. म्हणाले, "हा हिनंच पाडलाय. माझी बोटं दहाच्या दहा हाईत. तिला काय म्हाईत खाली पाय हाय का दगड."

अक्षता पंधरा मिनिटं उशिरा पडल्या आणि त्याचं खापर आजही माझ्या अंगठ्यावर फुटतं. लग्नाच्या फोटोत सगळे फेटे बांधून उभे आहेत, आणि कोपऱ्यात मी, पाय बादलीत.

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून कामाचं भराभर सांगतो.

चाचांचं वाक्य खरं आहे. घोड्याला नाकासमोर अगदी जवळचं दिसत नाही आणि थेट मागचं दिसत नाही. आपल्या पायाशी काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. घोडा चारशे किलोचा धरा. उभा असताना वजनाचे साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर असतात. म्हणजे एकेका पायावर सव्वाशे किलोच्या आसपास, तेही नालेच्या कडेवर. पाऊल टाकताना याहून जास्त.

म्हणून पायात बंद बूट. पुन्हा सांगतो, बंद बूट. कातडी, घोटा झाकणारा, नाडी बांधलेला, तळ न घसरणारा. खानापूरकडच्या पावसाळी चिखलात तर तळ आधी बघा. स्लीपर नको, सँडल नको, कापडी बूट नको. आणि माझी लाडकी कोल्हापुरी? ती मांडवात घाला, पागेत नको. गमबूट लिदीपासून पाय कोरडे ठेवतो, पण साध्या गमबुटाचं रबर खुराखाली काय टिकणार?

उद्यमबागेत फाउंड्रीवर जाणाऱ्या पोरांच्या पायात सेफ्टी शूज असतात, तेच घ्या. घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५२९८, भाग २ हा आकडा बघा. त्याच्या टोकातली टोपी २०० जूलचा आघात सोसते. म्हणजे वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं शाबूत. शिवाय सुमारे दीड टनाचा दाब. लोक म्हणतात लोखंडी टोपी वाकली की बोटं कापते. अहो, ज्या भाराखाली ती टोपी वाकेल, त्या भाराखाली साध्या बुटातली बोटं कधीच गेलेली असतील.

पण हा बूट जमिनीवरच्या कामाला. स्वार होताना वेगळा. तिथं साधारण एक इंचाची टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून, खोगिराला लटकलेल्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही. आणि तळ खोल खाचांचा नको, अडकतो. माणूस पडला आणि पाऊल रिकिबीत राहिलं तर घोडा त्याला फरपटत नेतो. रिकीबही बुटापेक्षा इंचभर रुंद असावी. टाच हवी, खाचा नकोत, रिकीब सैल. तीन गोष्टी झाल्या.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. घड्या घालून मुठीत धरायचा, सुटायला हवा तेव्हा सुटला पाहिजे. घोड्याकडं जायचं ते डाव्या खांद्याच्या बाजूनं, तोंडानं आवाज देत. त्याच्या पायाशी मांडी ठोकून बसायचं नाही, उकिडवं बसायचं, उठता येईल असं. मागून जायचंच झालं तर एक तर त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे पाठीच्या मागच्या भागावर, हात ठेवून अगदी चिकटून, नाहीतर दहा फूट लांबून. मधल्या अंतरावर दुगाणीचा पुरा जोर बसतो. आणि पाय सापडलाच तर ओढू नका, घोड्याला मारू नका. त्याच्या खांद्याला रेटा, भार पलीकडं जाऊ द्या. चाचांसारखं.

पागेत जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन. लिदीत त्याचे जंतू असतात. साबणपाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद लावून बसायचं नाही, हळद भाजीत घाला. वरातीत फटाके लावणाऱ्यांवर मला एक वेगळंच भाषण द्यायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

काचेपलीकडून बोट दाखवतायत, अर्धा मिनिट. हेल्मेट राहिलंच की! मोटरसायकलचं नव्हे, घोडेस्वारीचं, हनुवटीचा पट्टा आवळलेला. एकदा जोरात आपटलं की तडा दिसो न दिसो, बदलायचं.

तुटलेली डावी चप्पल मामांनी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली. उजवी माझ्याकडं माळ्यावर आहे. परवा हातात घेऊन दाबली, अजून करकर वाजते. नमस्कार.