राज्यातल्या सर्व मुलांसाठी

(न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

येताना प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बरोबर आणलंय. माझंच आहे, पण तुमच्या घरीही असंच येतं. त्यावर तीन मोठे आकडे असतात: एक टाऊनशिपचा म्हणजे गावाचा, एक काउंटीचा म्हणजे जिल्ह्याचा आणि एक शाळांचा. शाळांचा आकडा बहुतेक गावांत सगळ्यात मोठा असतो, एकूण रकमेच्या निम्म्याच्या आसपास. आजचं सगळं बोलणं या एका ओळीभोवतीच आहे.

घर घ्यायच्या वेळी आपण काय केलं ते आठवा. देवघर कुठे बसेल, पार्किंगला जागा किती, हे सगळं नंतर. आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कोणत्या शाळांच्या हद्दीत येतं ते. मीही तेच केलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढायचा, हे आपल्या आईवडिलांनीही केलं. पण त्या व्यवहाराचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. इथली शाळा सरकारी, फी एक पैसा नाही. तरी तिथल्या प्रवेशाची किंमत आपण घराच्या किमतीतून मोजली होती. ज्या माणसाला ते घर परवडलं नाही, त्याचं मूल दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाळेत गेलं. तीही सरकारीच. मग त्या मुलाचा हक्क कुठे लिहिलेला आहे?

आपण भारतातून आलेली माणसं. घटना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच ग्रंथ येतो. 2002 च्या दुरुस्तीने त्यात कलम 21अ आलं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि तो महाराष्ट्राला जसा लागू आहे तसाच बिहारला. म्हणून इथे आल्यावर आपण धरून चालतो की अमेरिकेच्या घटनेतही असं काहीतरी असणारच. नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. पण इथे पन्नास राज्यांच्या पन्नास स्वतंत्र घटना आहेत, आणि त्या पन्नासांतही सार्वजनिक शाळांबद्दल काही ना काही लिहिलेलं आहे. तुमच्या मुलाचा शाळेचा हक्क वॉशिंग्टनला शोधलात तर सापडणार नाही. तो आपल्या राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला आहे.

हे कसं सिद्ध झालं, त्याची गोष्ट टेक्सासमधून सुरू होते. सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा डिस्ट्रिक्ट, वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. डिमेट्रिओ रॉड्रिगेझ हा पत्र्याचं काम करणारा कामगार, त्याची मुलं तिथल्या मोडकळीला आलेल्या शाळेत. त्याच शहरात अ‍ॅलॅमो हाइट्स हा श्रीमंतांचा डिस्ट्रिक्ट. 1967-68 साली एजवूडमध्ये एका मुलामागे 356 डॉलर खर्च व्हायचे, अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये 594. कराचा दर एजवूडचे लोक जास्त भरत होते, पण घरंच स्वस्त, म्हणून जमा कमी. रॉड्रिगेझ आणि इतर पालक फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेले. 21 मार्च 1973 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. एका मताने गेलं सगळं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं, आणि त्यात एका तळटीपेत सुचवून ठेवलं की राज्यांच्या घटनांचा दरवाजा अजून उघडा आहे.

तो दरवाजा तेरा दिवसांत ठोठावला गेला, आणि तो आपल्या राज्यात. 3 एप्रिल 1973. रॉबिन्सन विरुद्ध कॅहिल. जर्सी सिटीतल्या एका शाळकरी मुलाच्या नावाने भरलेला दावा, आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जोसेफ वाइनट्रॉब यांचं निकालपत्र. आधार कशाचा घेतला? 1875 साली राज्यघटनेत घातलेल्या एका वाक्याचा. ते आज आठव्या प्रकरणाच्या चौथ्या भागात आहे. मराठीत सांगायचं तर: पाच ते अठरा वर्षांच्या, राज्यातल्या सर्व मुलांच्या शिक्षणासाठी मोफत सार्वजनिक शाळांची सर्वांगपूर्ण आणि कार्यक्षम व्यवस्था विधिमंडळाने चालवावी. इथल्या वकिलांच्या तोंडी 'थरो अँड इफिशियंट' हे दोन शब्द इतके बसलेत की ते नुसतं 'टी अँड ई' म्हणतात.

त्या वाक्यात जबाबदारी कोणावर टाकलीय ते नीट पाहा. विधिमंडळावर, म्हणजे राज्यावर. गावावर नाही. शाळा गावाने चालवायची ही सोय झाली. पण गाव गरीब आहे म्हणून राज्याला हात वर करता येणार नाहीत. त्या काळात शाळांच्या चालू खर्चातले शंभरातले 67 डॉलर स्थानिक करांतून यायचे, राज्याकडून फक्त 28. कोर्ट म्हणालं, या पद्धतीतून घटनेतलं वचन पाळलं जात नाही.

निकाल लागला, पण पैसे कुठून आणायचे? न्यू जर्सीत तेव्हा आयकरच नव्हता. ट्रेंटनमध्ये तीन वर्षं नुसती टोलवाटोलवी चालली. शेवटी 1976 मध्ये कोर्टाने सांगितलं, 1 जुलैपासून शाळांवर एक डॉलरही खर्च करायचा नाही. राज्यभरातल्या सार्वजनिक शाळा बंद! उन्हाळी वर्ग चालू होते, ते थांबले. आठवड्याभरात विधिमंडळाने आयकराचा कायदा केला आणि गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी त्यावर सही केली. तुमच्या पगाराच्या पावतीवर फेडरल करानंतर न्यू जर्सीची जी कपात दिसते, तिचा जन्म हा असा झाला. मुलांच्या शाळेसाठी. मी ती ओळ वर्षानुवर्षं पाहत होतो आणि नुसता वैतागत होतो. ही गोष्ट वाचल्यापासून तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

पण खरी लढाई पुढे आहे, आणि तिच्यात मला एका बाईंबद्दल बोलायचंय. मॅरिलिन मोरह्यूझर. आधी नन होत्या, मग नागरी हक्कांच्या चळवळीत उतरल्या, नंतर उशिरा वयात इथल्या रटगर्स विद्यापीठातून वकील झाल्या. 1981 साली त्यांनी कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी इथल्या वीस मुलांच्या वतीने दावा भरला. त्या खटल्याचं नाव अ‍ॅबट विरुद्ध बर्क. महिनोन्‌महिने साक्षी चालल्या. मोरह्यूझर यांनी नुसती तत्त्वं मांडली नाहीत; शाळा कशा दिसतात ते कोर्टापुढे ठेवलं.

1990 च्या निकालपत्रात ते सगळं नोंदलेलं आहे. तुम्ही ते जरूर वाचा, कायद्याची पदवी लागत नाही. पॅटर्सनच्या एका प्राथमिक शाळेत मुलं तळघरात बॉयलरजवळच्या कोपऱ्यात डबा खायची, आणि अभ्यासात मागे पडलेल्यांचे जादा वर्ग भरायचे ते पूर्वीच्या स्वच्छतागृहात. अर्विंग्टनमध्ये एका शाळेत संगीताचा तास अडगळीच्या खोलीत, तर दुसरीकडे कोळसा साठवायच्या जागेची वर्गखोली केलेली. ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलची मुलं धावण्याचा सराव करायची दुसऱ्या मजल्याच्या बोळात. प्रिन्स्टनमध्ये आठ मुलांमागे एक कॉम्प्युटर, कॅम्डेनमध्ये अठ्ठावन्न मुलांमागे एक. कॅम्डेन ते प्रिन्स्टन गाडीने तासाभराचं अंतर. राज्य एक, घटना एक.

सरकारी पक्षाचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पैशाने शिक्षण सुधारत नाही. घरचं वातावरण महत्त्वाचं, शिस्त महत्त्वाची. आपल्या घरांतल्या गप्पांतही हे ऐकू येतं, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. पण सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांच्या उत्तराचा आशय असा होता: या गोष्टींचा शिक्षणाशी संबंध नसेल, तर श्रीमंत गावं त्यांच्यावर एवढा खर्च का करतात? मला याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. आपण प्रयोगशाळा बघून घर घेतलं, ऑर्केस्ट्रा बघून घेतलं, आणि दुसऱ्याच्या मुलाला सांगायचं की बाळा, मन लावून अभ्यास कर म्हणजे झालं?

कोर्टाचा आदेश असा की गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या बरोबरीने पैसा मिळाला पाहिजे, आणि या मुलांच्या जास्तीच्या गरजांसाठी वर आणखी. गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांनी त्या वर्षी मोठी करवाढ केली. लोक खवळले, पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाचं विधिमंडळ गेलं आणि 1993 मध्ये त्यांचीही खुर्ची गेली. अ‍ॅबटचा खटला मात्र चालूच राहिला. 1998 मध्ये कोर्टाने या डिस्ट्रिक्टमधल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग सुरू करायला लावले. पुढे त्यांचेही निकष ठरवून दिले: वर्गात पंधराच मुलं, शिकवायला प्रशिक्षित शिक्षक. त्या बालवर्गांत गेलेल्या मुलांचा रटगर्सच्या अभ्यासकांनी पाठपुरावा केला, तेव्हा चौथी-पाचवीपर्यंत त्यांना झालेला फायदा टिकून असल्याचं दिसलं. म्हणजे 1875 सालच्या एका वाक्यातून पर्थ अँबॉय या अशाच एका डिस्ट्रिक्टमधल्या तीन वर्षांच्या पोरीला बाई आणि बाक मिळाला.

टेक्सासचं राहिलंच. रॉड्रिगेझ हरला होता, पण घरी बसला नाही. एजवूडचे पालक पुन्हा उभे राहिले, या वेळी राज्याच्या कोर्टात, टेक्सासच्या घटनेचं बोट धरून. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. तोपर्यंत एका मुलामागे एजवूडमध्ये 38,854 डॉलरची करपात्र मालमत्ता होती, आणि अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये 5,70,109 डॉलरची. पहिल्या दाव्याच्या वेळी शाळेत असलेली मुलं एव्हाना मोठी झाली होती. त्याच वर्षी केंटकीच्या कोर्टाने तर राज्याची अख्खी शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली.

सगळीकडे असं घडलं नाही. अ‍ॅलाबामाने 1956 साली, शाळांतला वर्णभेद उठवायची वेळ आली तेव्हा, घटनेत दुरुस्ती करून लिहून टाकलं की या घटनेमुळे शिक्षणाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. ते काढून टाकायचा प्रस्ताव 2004 मध्ये लोकांपुढे आला आणि दोन हजारांहूनही कमी मतांनी पडला. राज्याची घटना लिहिणारी माणसंच असतात. ती दार उघडतात तशी बंदही करतात.

इथे मला जोतीरावांची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांची मुख्य तक्रार हीच होती: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. न्यू जर्सीतली घटनादुरुस्ती 1875 ची, पुण्यातलं निवेदन त्यानंतर सात वर्षांनी. पैसा कोणाचा आणि शाळा कोणाच्या मुलांना, हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. आपण तो तिकडून घेऊनच आलो आहोत. फक्त इथे आपली बाजू बदलली आहे. तिकडे आपल्यातल्या अनेकांचे आजोबा वर्गाबाहेर उभे होते. इथे आपण चांगल्या डिस्ट्रिक्टच्या आत बसलो आहोत.

शेवटचा मुद्दा थोडक्यात, वेळ संपत आलीय. न्यू जर्सीच्या घटनेत आणखी एक वाक्य आहे, 1947 चं: वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून कोणालाही सार्वजनिक शाळेत वेगळं काढता येणार नाही. शाळांतला वर्णभेद देशभर घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्याच्या सात वर्षं आधीचं. तरी शाळा गावाच्या हद्दीला बांधलेल्या, आणि गावं उत्पन्नानुसार व वर्णानुसार वाटलेली. 2018 साली यावर दावा दाखल झाला. 2023 मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की अनेक डिस्ट्रिक्टमध्ये वांशिक असमतोल ठळक आहे. पण संपूर्ण राज्याची व्यवस्थाच तशी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असंही म्हटलं. या वादात 'एशियन' म्हणून आपली मुलंही मोजली जातात. त्यावर आपलं म्हणणं काय? मी आमच्या टाऊनशिपच्या सभांना जातो, तिथे ते कोणी विचारत नाही, कारण आपण मुळात तिथे नसतोच. आपण असतो ते फक्त गणिताचे प्रगत वर्ग कमी करायची चर्चा निघाली की.

दाराजवळच्या टेबलावर घटनेतल्या त्या दोन वाक्यांच्या प्रती ठेवल्या आहेत, वर इंग्रजी, खाली मी केलेलं मराठी. गव्हर्नरांचं बजेटचं भाषण झालं की चारदोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याकडून किती मदत मिळणार त्याची यादी जाहीर होते. आपल्या गावाचा आकडा तुम्ही बघालच. त्याच यादीत पॅटर्सनचाही असतो. आता प्रश्न घेऊ या.