फोल्डर उघडत नाही तेव्हा

मंडळी, कापसाचा हंगाम लागला की मला रोज एक तरी फोन येतो, "भाऊ, फोल्डर उघडूनच नाही राहिलं." हा प्रश्न मी मनावर घेतो, कारण तिकडे काट्यावर ट्रॅक्टर लावून शेतकरी उन्हात उभा असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये असाच गेलो होतो. काट्यावरचा पोरगा मेन कॉम्प्युटरवरच्या, सगळ्यांसाठी शेअर केलेल्या फोल्डरमधली वजनाची फाइल उघडायचा आणि स्क्रीनवर यायचं की आता आणखी कनेक्शन घेता येत नाही, घेता येतात तेवढी आधीच झाली आहेत. कोणी म्हणे केबल गेली, कोणी म्हणे स्विच. पण केबल गेली असती तर मेन कॉम्प्युटरचं उत्तरच आलं नसतं. इथे तो स्वतः नाही म्हणत होता. तोवर त्याला दोनदा रिस्टार्ट मारून झालं होतं. रिस्टार्टनं सगळे बाहेर पडतात, थोडा वेळ चालतं, पुन्हा तेच. वर अकाउंटंटची उघडी फाइल खराब व्हायची भीती. हात जोडून सांगतो, आधी आत कोण बसलंय ते बघा.

मेन कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट सेशन' (इंग्रजीत net session) लिहा. प्रत्येक ओळीत एक मशीन, त्यानं किती फाइली उघडल्यात आणि किती वेळ गप्प बसलंय, हे दिसतं. आम्हाला दहा ओळी दिसल्या: सात कॉम्प्युटर, स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन आणि दोन मोबाईल. मोबाईलवर कोणीतरी वजनाच्या पट्ट्यांचे फोटो बघायला फोल्डर जोडून ठेवला होता.

आता विंडोज ७ पासून पुढच्या साध्या विंडोजला बाहेरून 20 मशीनं जोडता येतात. जुन्या एक्सपी प्रोफेशनलला 10, होमला 5. एका मशीननं चार फोल्डर उघडले तरी मोजणी एकच. आमचं तर विंडोज १०, मग दहावरच दार का बंद? त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये, एकावेळच्या माणसांचा आकडा कोणीतरी 10 करून ठेवला होता. तो 20 केला, आणि पोरानं लगेच पहिली पट्टी काढली. ही जागा माणसं हमखास विसरतात.

खरोखर वीस भरले असतील तर गोष्ट वेगळी. रिकामं बसलेलं कनेक्शन विंडोज 15 मिनिटांनी आपणहून तोडतं, आणि ही वेळ 'नेट कॉन्फिग सर्व्हर' (net config server) या कमांडमधून कमी करता येते. पण फाइल किंवा फोल्डरची खिडकी उघडी असेल तर ते तुटत नाही. जेवायला उठताना ती खिडकी बंद करा, एवढी सवय पोरांना लावा. नको ते मोबाईल काढा.

वीसचा आकडा लायसन्सचा आहे, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, खटपट करून तो वाढवायला जाऊ नका. विंडोज सर्व्हर घ्यायचा तर प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं लायसन्सही घ्यावं लागतं. छोट्या जिनिंगला, पतसंस्थेला मी एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि साम्बा (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजवाल्यांना उघडू देणारं सॉफ्टवेअर) टाकून देतो. तिथे असा आकडा आडवा येत नाही. बॅकअप मात्र रोज वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि त्या मशीनला यूपीएस लावा. आपल्याकडे लाईट कधी जाईल ते तुम्हाला माहीतच आहे.