राजपुत्र अपाचेच्या पुढच्या सीटवर

[दृश्य: हेलमंदचं वाळवंट. कॅम्प बॅस्टियनच्या तळावर रांगेत उभी अपाचे हेलिकॉप्टरं.]

सप्टेंबर २०१२. ब्रिटिश लष्कराच्या आर्मी एअर कोअरची ६६२ स्क्वाड्रन अफगाणिस्तानात हेलमंद प्रांतात उतरलीय. एक कॅप्टन आपल्या हेलिकॉप्टरभोवती फिरून पाहणी करतोय आणि कॅमेरे त्याच्या मागे मागे फिरताहेत. लष्कराच्या यादीत नाव आहे कॅप्टन वेल्स. हा राणी एलिझाबेथचा नातू हॅरी, गादीच्या रांगेत तिसरा. तो इथे लढायला आलाय, हे संरक्षण मंत्रालयाने स्वतःच जगाला सांगून टाकलं.

आठवड्याभरात, १४ सप्टेंबरच्या रात्री, अमेरिकी गणवेश चढवलेले पंधरा तालिबानी कुंपण कापून तळात शिरले. दोन अमेरिकी मरीन मारले गेले, सहा हॅरियर विमानं जळाली. हल्ल्याची जी कारणं तालिबानने दिली, त्यात राजपुत्राचंही नाव घेतलं. एवढी चढाई आठवड्याभरात उभी राहत नाही. गणवेश जमवायचे, कुंपणाची कमकुवत जागा हेरायची, माणसं तयार करायची, याला वेळ लागतो. हॅरी तिथे नसता तरी हल्ला बहुधा झालाच असता. पण मंत्रालयाने शत्रूच्या हातात आयतं निमित्त दिलं, आणि ते देण्याची काहीच गरज नव्हती.

राजघराण्यातल्या माणसाने लढाऊ हेलिकॉप्टर चालवावं का, या प्रश्नावर वाद होतो तो बहुतेक वेळा धैर्याचा. पोरगा शूर आहे की शोभेचा? लष्कराला यात फारसा रस नसतो. त्याच्यामुळे शेजारच्या माणसाचा धोका किती वाढतो, आणि तो जिवंत शत्रूच्या हाती लागला तर पुढे काय, हे दोन प्रश्न लष्कराला सोडवावे लागतात.

[दृश्य: पहिल्या महायुद्धाची जुनी चित्रफीत. खंदक, चिखल.]

दुसरा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१४ मध्ये युवराज एडवर्डला फ्रान्सच्या आघाडीवर जायचं होतं. मी मेलो तर काय बिघडलं, मला चार भाऊ आहेत, असा त्याचा युक्तिवाद. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांची अडचण मरणाची नव्हतीच. तू कैद झालास तर, ही होती. मेलेल्या राजपुत्राचं राष्ट्र दुःख करतं आणि लढाई पुढे चालू राहते. कैदेतल्या राजपुत्रापायी मात्र अख्ख्या युद्धाची सूत्रं शत्रूच्या हातात जाऊ शकतात. एडवर्डला फ्रान्सला पाठवलं, पण आघाडीच्या फळीपासून लांब ठेवलं.

[दृश्य: १९८२. दक्षिण अटलांटिक समुद्र, विमानवाहू नौका इन्व्हिन्सिबल, डेकवर सी किंग हेलिकॉप्टर.]

१९८२ साली अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंडच्या युद्धात चित्र वेगळं होतं. प्रिन्स अँड्र्यू तेव्हा २२ वर्षांचा, नौदलाच्या ८२० स्क्वाड्रनमध्ये सी किंगचा दुसरा वैमानिक. गादीच्या रांगेत त्या वेळी त्याच्यापुढे फक्त चार्ल्स होता. प्रिन्स विल्यमचा जन्म २१ जूनचा, म्हणजे अर्जेंटिनाच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवल्यानंतर आठवड्याने. सरकारला अँड्र्यू टेबलाच्या कामावर हवा होता. त्याची नौका जाते आहे तर तोही जाईल, यावर राणी ठाम राहिली.

सी किंगचं मूळ काम पाणबुडी शोधण्याचं. पाण्यावर तरंगत उभं राहायचं, केबलला लावलेलं सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी हेरणारं यंत्र, खाली सोडायचं, ऐकायचं, वर ओढायचं, पुढच्या जागी जायचं. तासन्‌तास हेच. पण ४ मे रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्राने शेफिल्ड ही विनाशिका निकामी केली, २० नौसैनिक गेले, आणि हेलिकॉप्टरांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं: आमिष व्हायचं. एक्झोसेट लाटांपासून जेमतेम काही मीटर वरून येतं आणि शेवटच्या टप्प्यात आपल्या रडारने सगळ्यात ठळक वस्तू निवडतं. हेलिकॉप्टरने नौकेच्या आसपास तरंगत राहून ती ठळक वस्तू बनायचं आणि क्षेपणास्त्र जवळ आलं की झपकन वर उठायचं, म्हणजे ते खालून निघून जाईल. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात वर उठायला हातात काही सेकंद असतात, आणि ते कधी सुरू झाले हे कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

आमिषाचा दुसरा धोका २५ मे रोजी दिसला. युद्धनौकांनी हवेत धातूच्या पट्ट्यांचे ढग सोडले आणि एक्झोसेट त्यांना फसली. पण फसलेलं क्षेपणास्त्र नाहीसं होत नाही, ते नवं लक्ष्य शोधतं. ते सापडलं अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाच्या रूपात, ज्याच्याकडे असे ढग सोडायची सोयच नव्हती. बारा माणसं गेली. तीन चिनूक हेलिकॉप्टरंही गेली, आणि त्यामुळे पायदळाला बेटाचा बराच भाग पाठीवर ओझी घेऊन तुडवावा लागला. अँड्र्यूने ते जहाज जळताना हवेतून पाहिलं.

अँड्र्यूमुळे इन्व्हिन्सिबलवरच्या इतरांचा धोका वाढला का? जवळपास नाही. विमानवाहू नौका अर्जेंटिनाला तशीही बुडवायचीच होती, राजपुत्र असो वा नसो. पुढचं सगळं याच हिशोबावर चालतं. जे यंत्र आधीच शत्रूच्या यादीत सगळ्यात वर आहे, त्यात राजपुत्र बसवला तर यादी बदलत नाही. पायदळाच्या तुकडीत ठेवला, तर ती तुकडी खालच्या नंबरवरून एकदम वर येते.

[दृश्य: मे २००७. लंडन, पत्रकार परिषद.]

हॅरीच्या बाबतीत लष्कर हे धडपडतच शिकलं. २००७ मध्ये तो घोडदळाच्या रेजिमेंटबरोबर इराकला निघाला होता, हलक्या चिलखती गाड्यांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून. मे महिन्यात लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी ते रद्द केलं. त्याच्यावर नेम धरून आखलेल्या धमक्या होत्या, आणि स्फोटाला गाडीतली बाकीची माणसं कोण हे कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याला गुपचूप हेलमंदला पाठवलं. ब्रिटिश माध्यमांनी बातमी दाबून ठेवायचं कबूल केलं होतं. काम होतं जमिनीवरून विमानांना लक्ष्य दाखवण्याचं, गर्मसीर भागात, ‘विडो सिक्स सेव्हन’ या नावाने. रेडिओवर फक्त हे नाव ऐकू येतं, माणूस नाही. वैमानिकाला ठरलेल्या क्रमाने नऊ ओळी वाचून दाखवायच्या: कुठून यायचं, कोणत्या दिशेने, किती अंतर, लक्ष्याची उंची, वर्णन, नेमकी जागा, खूण कशाची, आपली माणसं कुठे, बाहेर कसं पडायचं. वैमानिक त्यातले महत्त्वाचे आकडे परत वाचून दाखवतो. आकडा चुकला तर बॉम्ब आपल्याच माणसांवर. दहा आठवडे हे नीट चाललं. मग फेब्रुवारीच्या शेवटी एका अमेरिकी संकेतस्थळाने बातमी फोडली आणि त्याला लगोलग परत आणलं. काम चांगलं, जागा लपण्यासारखी, पण गुपित दुसऱ्यांच्या भरवशावर होतं.

मग अपाचे.

[दृश्य: मिडल वॉलप, हँपशर. प्रशिक्षणाची स्क्विरल हेलिकॉप्टरं.]

या वाटेवर वशिल्याला फारसा वाव नाही. श्रॉपशरमधल्या शॉबरीला आणि मिडल वॉलपला स्क्विरल हेलिकॉप्टरवर हात बसवायचा. मे २०१० मध्ये हॅरीला पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाले. आपल्याकडे लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या गांधीनगरला शिकून पंख लावतात, तसंच हे. त्यानंतर अपाचेचे दोन टप्पे. पहिल्यात यंत्र चालवायला शिकायचं, दुसऱ्यात ते घेऊन लढायला. मधे कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात खरा दारूगोळा डागून सराव, कारण तिथली धूळ आणि उष्णता हेलमंदसारखी. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो तयार झाला, सुरुवातीपासून तीन वर्षांनी. त्याच्या तुकडीत सर्वोत्तम सहवैमानिक-गनरचं बक्षीसही त्यालाच.

बक्षिसावर शंका घेणारे घेतील. पण तीन वर्षांत शंभर जागी नापास होण्याची सोय असते. आणि खोटं पास झालेल्या गनरच्या मागच्या सीटवर आणखी एक माणूस बसायचा असतो. त्याला स्वतःच्या जिवाची काळजी असते.

[दृश्य: अपाचेचं कॉकपिट. हेल्मेटवरची उजव्या डोळ्यासमोरची काच, अगदी जवळून.]

अपाचेत दोघेच, एकामागे एक. पुढे गनर, मागे वैमानिक. ही काच नीट बघा. नाण्याएवढी. वेग, उंची, दिशा, नेम, रात्री उष्णतेवर दिसणारं चित्र, सगळं तिच्यावर उमटतं, फक्त उजव्या डोळ्यासमोर. डावा डोळा बाहेरचं खरं जग बघतो. म्हणजे दोन डोळ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी वाचायच्या. सुरुवातीला डोकं ठणकतं. रात्रीचं चित्र नाकावरच्या कॅमेऱ्यातून येतं, तो वैमानिकाच्या डोळ्यांच्या कितीतरी पुढे आणि खाली. त्यामुळे खांब किंवा भिंत किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि ती चूक जमिनीजवळ महागात पडते.

पोटाखालची ३० मिलिमीटरची तोफ या हेल्मेटला जोडता येते. मान वळेल तिकडे तोफ वळते. मिनिटाला सहाशेच्या वर गोळे, आणि पेटी भरून बाराशे. ट्रिगर दाबून धरला तर दोन मिनिटांत खेळ खलास, म्हणून दहा-वीस गोळ्यांच्या फैरी. ही तोफ सुईच्या अग्रासारखी अचूक नाही, गोळे पसरतात, म्हणून आपली माणसं जवळ असली की गनर दहादा विचार करतो. हेलफायर क्षेपणास्त्र अचूक आहे, पण ते लागेपर्यंत लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. दूरचा नेम असेल तर कित्येक सेकंद. तेवढ्यात भिंतीआडून एखादं मूल आलं, तर ठिपका बाजूच्या मोकळ्या रानात सरकवायचा आणि क्षेपणास्त्र तिकडे वाया घालवायचं. हा निर्णय पुढच्या सीटवरचा माणूस घेतो. आडनाव काहीही असो.

हेलमंदमधलं रोजचं काम मात्र बरंचसं वाट बघण्याचं. तंबूत बसायचं, फोन वाजला की धावायचं. जखमी आणायला निघालेल्या चिनूकच्या वर घिरट्या घालायच्या. बहुतेक वेळा नुसता आवाज ऐकून खालचे बंदूकवाले लपतात आणि एकही गोळी न झाडता परत यायचं. हेलिकॉप्टर खालून ओळखता येत नाही. कोणत्या अपाचेत राजपुत्र आहे हे तालिबानला कळायला मार्गच नव्हता, आणि तालिबानला सगळीच अपाचे पाडायची होती. अँड्र्यूच्या नौकेचाच हिशोब, फक्त जमिनीवर.

[दृश्य: मार्च २००३. इराक, कर्बलाजवळ शेतात उतरलेलं अमेरिकी अपाचे.]

राहिला किचनर यांचा कैदेचा प्रश्न. २४ मार्च २००३ च्या पहाटे अमेरिकेची तीसेक अपाचे कर्बलाजवळ शिरली. साध्या बंदुकांच्या गोळीबाराने बहुतेक सगळी भोकं पाडून घेऊन परतली आणि एक खाली आलं. दोघे वैमानिक पकडले गेले, टीव्हीवर दाखवले गेले, आणि तीन आठवड्यांनी सुटले. त्यांच्या जागी राजपुत्र असता, तर ते चित्रीकरण कसं वापरलं गेलं असतं, हे सांगायला नको.

अपाचेत तिसरी जागा नाही. पडलेल्या वैमानिकाला दुसऱ्या अपाचेने उचलायचं म्हणजे त्याने बाहेरच्या बाजूला, छोट्या पंखाजवळ, पट्ट्याने स्वतःला अडकवून घ्यायचं. ही केवळ पुस्तकातली कल्पना नाही. जानेवारी २००७ मध्ये जुगरूम किल्ल्यावर ब्रिटिशांनी दोन अपाचेंच्या बाहेर चार सैनिक असेच बांधून नेले, मागे राहिलेल्या एका मरीनला आणायला. तो मरण पावला होता, पण त्याला तिथे सोडलं नाही. तो किल्लाही गर्मसीरचाच.

आमचं मत असं: गादीच्या थेट वारसाने या सीटवर बसू नये, धाकट्यांनी बसायला हरकत नाही. थेट वारस विल्यमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. अँगलसीच्या व्हॅली तळावरून सी किंगने शोध आणि बचाव, तीन वर्षांत १५६ मोहिमा. वादळात जहाजावरच्या माणसाला दोरीने उचलणं अपाचेपेक्षा सोपं उड्डाण आहे असं कोणाही वैमानिकाला म्हणू नका, तो हसेल. फक्त समोर कैद करणारा कोणी नसतो. आपल्याकडे जयपूरचे सवाई भवानीसिंग १९७१ मध्ये १० पॅरा कमांडोंना घेऊन सीमेपलीकडे छाछरोपर्यंत गेले आणि महावीरचक्र मिळवून आले. त्याच महिन्यात संस्थानिकांचे तनखे बंद झाले. तिथे प्रश्न सोपा होता, राज्यच उरलं नव्हतं.

हॅरीच्या बाबतीत चुकलं ते कॉकपिटच्या बाहेर. आधी ती जाहीर घोषणा. नंतर २०२३ मध्ये त्याने स्वतःच मारलेल्या माणसांचा आकडा छापला: पंचवीस. अपाचेच्या प्रत्येक फैरीचं चित्रीकरण होतं आणि नंतर तपासलं जातं, त्यामुळे आकडा काढता येतो. पण या धंद्यात तो बोलायचा नसतो. साधा कॅप्टन लष्करातून बाहेर पडला की गर्दीत मिसळून जातो. राजपुत्राची मोहीम वीस आठवड्यांची असली तरी शत्रूच्या यादीतलं नाव आयुष्यभराचं असतं. राजघराण्याचं काम सोडल्यावर त्याला सरकारी संरक्षण किती, यावर तो कोर्टात गेला आणि मे २०२५ मध्ये अपिलातही हरला. हा खर्च कोण आणि किती वर्षं करणार, हे त्याला अफगाणिस्तानच्या विमानात बसवण्याआधी लिहून ठेवायला हवं होतं.

[दृश्य: नवी अपाचे ई हेलिकॉप्टरं, वॉटिशॅम तळ, सफक.]

ब्रिटनची जुनी अपाचे २०२४ मध्ये निवृत्त झाली, त्यांच्या जागी पन्नास नवी मागवली होती. त्याच वर्षी राजा चार्ल्सने आर्मी एअर कोअरचं मानद कर्नलपद विल्यमकडे दिलं, जी हॅरीची कोअर होती. पण यापुढचा हिशोब हेलमंदच्या आकड्यांवर करता येणार नाही. तालिबानकडे खांद्यावरून डागायची आधुनिक विमानविरोधी क्षेपणास्त्रं पुरेशी नव्हती. युक्रेनमध्ये ती दोन्ही बाजूंकडे आहेत. रशियाची कितीतरी के-५२ लढाऊ हेलिकॉप्टरं तिथे पडली, आणि उरलेली आता आघाडीच्या मागे झाडांच्या उंचीवर राहून, लांबूनच क्षेपणास्त्रं सोडून माघारी वळतात. अशा आघाडीवर पुढच्या सीटसाठी राजघराण्यातून कोणी अर्ज केला, तर लष्करप्रमुखाच्या टेबलावर २०१२ ची नाही, २००७ च्या रद्द झालेल्या इराक मोहिमेची फाईल उघडेल.