शेव आताच टाकू का भाकर येऊ देऊ?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पारोळा मागे पडलंय, धुळं अजून यायचंय, आणि हे जे रांगेत उभे ट्रक दिसताय ना, त्यांच्या मागे आपला ढाबा आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना कापतात, त्यामुळे या पट्ट्यात भट्टी रात्रभर विझत नाही. बसल्या बसल्या सांगायचं, एक शेवभाजी, भाकर गरम.

आता जरा आत येऊन बघा. सुकं खोबरं आणि कांदा थेट आगीवर भाजलाय, पार काळा होईस्तोवर, मग त्यात लसूण, आलं, खडा मसाला, आणि ते सगळं वाटून तेलात टाकलं की जो वास सुटतो तो बाहेर रस्त्यापर्यंत येतो. रस्सा काळा पाहिजे आणि वर तर्री पाहिजे, लाल, नुसती थरथरणारी. पण खरी गोष्ट पुढेच आहे. शेव इथं कढईत शिजवत नाहीत. जाडी, तिखट शेव, ती रस्सा ताटात आल्यावर वरून टाकायची, म्हणजे घास घेताना बाहेरून भिजलेली आणि आतून अजून कडक लागते. म्हणून तर वाढणारा पोऱ्या विचारतो, "भाऊ, शेव आताच टाकू का भाकर येऊ देऊ?" भाकर येऊ द्या. दोन मिनिटं थांबा.

एकदा मी घरी पार्सल नेलं होतं. सांगितलं होतं शेव वेगळी बांधा, तरी एकत्रच बांधली, आणि जळगावला पोचेपर्यंत पिशवीत नुसता बेसनाचा लगदा झाला. आईनं तोच गरम करून सगळ्यांना वाढला, कोणी काही बोललं नाही, पण मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, कारण एवढी वर्षं खान्देशात राहून तिनं ढाब्यावर बसून शेवभाजी कधी खाल्लीच नव्हती, बाया कुठं जायच्या तेव्हा ढाब्यावर. पुढच्या महिन्यात तिला इथंच घेऊन आलो. ह्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिनं पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, अरे ही तर कुरकुरीत आहे!

तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी विचारतो, हे इथंच बसून खायचं का नेता येईल. आणि आपल्या भागात बहुतेक वेळा उत्तर इथंच असतं.

सावदा, फैजपूर, रावेर हा सगळा केळीचा पट्टा. दोन्ही बाजूला केळीच केळी, आणि मधेच रस्त्याकडेला एक कढई. कच्चं केळं सोलायचं आणि किसणी डायरेक्ट तेलावर धरून सरसर घासायचं, चकत्या सरळ उकळत्या तेलात पडतात, ताटात वगैरे काढायचं कामच नाही. मग मिठाचं पाणी शिंपडलं की तेल जे तडतडतं, तिथं जरा लांबूनच शूट केलं आम्ही. पाकिटातले वेफर्स तुम्ही कुठंही खाल, पण हे कागदावर घेतलेले, बोटाला चटका बसणारे, हे वेगळेच.

नंदुरबारला गेलात तर हिवाळ्यात जा. गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या असतात, मैदानंच्या मैदानं लाल, आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी नाकाला कळतं. आपल्या रश्श्याचा रंग कुठून येतो ते तिथं उभं राहिल्यावर डोळ्यांनी दिसतं.

आणि मांडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. ह्या मावशींचे हात बघा, लाटणं नाही की काही नाही, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात आणि पालथ्या खापरावर अलगद सोडतात. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फाटला. मावशी म्हणाल्या, "बेटा, पिठाला घाई कळते."

आता शेवटचं, आणि माझ्या सगळ्यात जवळचं. आसोदे. जळगावला लागूनच, बहिणाबाईंचं माहेर. डिसेंबरची थंडी, चंपाषष्ठी होऊन गेलीय, म्हणजे चातुर्मासात वांगं न खाणाऱ्यांचंही भरीत सुरू. ही वांगी जांभळी नसतात बरं का, फिकी हिरवी, मोठी, बी अगदी कमी. भरिताच्या ह्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. पण शेतात ते कोणी बोलत नाही, शेतात सगळे जाळाकडे बघत असतात. गॅसवर नाही, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर भाजतात, जाळ भसकन येतो आणि साल काळी होऊन आपोआप सुटते. मग बडगी, म्हणजे ठेचायचं खोलगट लाकडी भांडं. त्यात गरम वांगी, सोबत हिरवी मिरची आणि लसूण, आणि लाकडानं ठेचायला सुरुवात. मिक्सरमधून काढलं तर चिकट होतं, बडगीत रेषा रेषा राहते. फोडणीत कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकर, ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेली.

आम्ही बाराजण होतो. कॅमेरा कधी बंद झाला कोणाच्याच लक्षात नाही, म्हणून पुढचं शूटिंग नाहीये, फक्त आवाज आहे, ऐका. तो खरडल्याचा आवाज येतोय ना, ती आई आहे, भाकरीच्या तुकड्यानं बडगीचा तळ पुसतेय.